तेराशे चाळीस

नोबिलाला आणलं तेव्हा
हेल्मेट त्याच्याजवळच होतं.
कोपरात अडकवलेलं.
कोपर शाबूत होतं.

आमचं केंद्र बाळंतिणींचं,
पण त्या रस्त्याला दवाखान्याचं दार तेवढं एकच,
म्हणून पडलेली माणसंही लोक आमच्याकडेच आणतात.
त्याच्या आईला मी एक शब्द बोलले नाही.
माझं स्वतःचं हेल्मेट त्या वेळी अंगणात
मोटरसायकलच्या आरशावर टांगलेलं होतं.
नवऱ्याचं जुनं, काळं, पाट्यासारखं जड,
आणि आत रांजणात कोंडल्यासारखी वाफ.
एप्रिलमध्ये, दुपारी दोनला, झिनियारेच्या रस्त्यावर
ते घालून दाखवा,
मग मला शिकवा.

रविवारी वागाडूगूला गेले.
मोठ्या बाजारामागे बुकारी हेल्मेटं दोरीत ओवून टांगतो,
कांद्याच्या माळेसारखी.
"हे घ्या ताई, पीस आहे पीस."
किती ग्रॅम?
"बाराशे. आईची शपथ."
मी घेतलं. एक हात मानेखाली, एक बुडाखाली,
दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला काही उचलताच येत नाही.
सोळाशे, म्हटलं, वर पन्नास-साठ.
एकोणीस वर्षं झाली,
काट्याआधी हाताला कळतं.
बुकारीनं आईला शपथेतून सोडवलं.

मग भोकं.
कपाळावरच्या भोकाला तोंड लावून फुंकायचं
आणि आतून तळहात धरायचा.
पहिल्यात काहीच नाही. जाळी नुसती चिकटवलेली,
भिंतीवर रंगवलेली खिडकी.
दुसऱ्यात श्वास येतो, पण अस्तराशी अडखळतो.
तिसरं, चौथं.
"नोपोको ताई, विकत घेताय की जिवंत करताय?"
बाजूचा पंक्चरवालाही उठून बघायला आला.
पाचवं पांढरं.
फुंकर सरळ हातावर आली,
मागच्या भोकाशी बोट नेलं तर तिथंही पोचलेली.
वेण्या दाबून डोक्यावर चढवलं. गाल थोडे आवळले.
मान झटकली, तेही माझ्याबरोबरच वळलं,
उशिरा नाही.
पट्टा खट्कन बसला. अस्तर निघतं, धुता येतं.
काचेवर एक ओरखडा होता,
त्याचे दोन हजार फ्रँक कमी करून घेतले.
बाकी त्यानं मला लुटलंच.

संध्याकाळच्या पाळीला केंद्रात पोचले.
कोणी बघत नाहीसं पाहून
तान्ह्यांच्या काट्यावर ठेवलं.
एक हजार तीनशे चाळीस.
मागून आझेता, हातात रजिस्टर उघडून:
"मुलगा की मुलगी?"

हसायला मला जरा वेळ लागला.
आतल्या खोलीत गुरुवारची मुलगी
आईच्या छातीशी फडक्यानं बांधलेली होती.
दिवसपाळीच्या सुईणीनं तिच्या नावापुढे,
नाव अजून ठेवायचंच होतं,
हाच आकडा लिहिला होता.
टाळू उडत होती तिची,
कातडीखाली, माझ्या बोटाखाली,
आणि तिच्या मापाचं काहीही
बुकारीच्या दोरीवर नव्हतं.

सकाळी परतताना वारा आत आला, खरंच आला,
केसांच्या मुळांपर्यंत.
वाऱ्याबरोबर तांबडी धूळही.
घरी आरशात पाहिलं तर कपाळावर तीन पट्टे,
भोकांच्या मापाचे.
धाकटा म्हणाला, कुणी रंगवलं तुला?

आता विसरायला होतं की डोक्यावर काही आहे.
परवा तशीच आत शिरले,
एक बाळंतीण कळा सोडून हसली.

पुढच्या रविवारी पुन्हा दोघींचं वजन केलं.
हेल्मेट तेवढंच.
मुलगी साठ ग्रॅमनं जड.