अंजन आणि हायलम

पार्सल आलं तेव्हा दुपारचे दोन. शिरपूरला सेहेचाळीस.
कुरिअरचा पोरगा म्हणाला,
बाई, एवढुसं खोकं, आणि जड कसं?
चाकू आहे, म्हटलं. अजून झालेला नाही.

पेपर पसरून मांडलं सगळं:
पातं, पाठीची स्प्रिंग, पितळी पत्र्या दोन,
पिना पाच, त्यातली एक किंचित वाकडी.
मुठीच्या जागी काहीच नाही.
कागदावर बारीक अक्षरात, मूठ आपल्या आवडीची.

एकोणतीस वर्षं आयटीआयमध्ये
फिटरच्या पोरांना कानस धरायला शिकवलं मी.
तिथे आवडीला मार्क नव्हते.
माप ड्रॉइंगवर, धातू स्टोअरमधून,
आणि “मॅडम, चालंल का?” ला
मी नाही, व्हर्निअर उत्तर द्यायचा.

पात्याचं मात्र ठरलेलं. कार्बन.
गंजतं, डागाळतं, सांभाळून घ्यावं लागतं,
पण पाटावरच्या दगडावरसुद्धा धार घेतं.
अडलं ते मुठीपाशी.

म्हशीचं शिंग होतं, काळं, आत दुधी रेघ.
घासलं की केस जळल्याचा वास घरभर.
सिसम होतं, खुर्चीच्या मोडक्या हाताचं.
अमळनेरच्या मामांचा धोटा होता,
गिरणीला कुलूप लागलं त्या दिवशी पिशवीत घालून आणलेला.
त्याला करवत लावली.
उचलली. परत कपाटात ठेवला.

आणि रुमल्या पावरानं दिलेलं अंजन.
माझ्याच हाताखालचा, आता चोपड्याकडे वेल्डिंग करतो.
आजोबांच्या घराचा खांब उतरवला तेव्हा
वीतभर तुकडा माझ्यासाठी काढून ठेवला त्यानं.
मॅडम, हाई लाकूड पानीमा बुडस.
बादलीत टाकून बघितलं. बुडलं,
तळाशी ठक्क वाजलं.

मेचे आठ दिवस तिघं गच्चीवर.
इथे हिवाळ्यात बसवलेली मूठ
उन्हाळ्यात पिना सोडते, हे पुस्तकात नसतं.
शिंगाचं धनुष्य झालं.
सिसमाला भोकाशेजारी केसाएवढी चीर.
अंजन होतं तसं.
व्हर्निअर लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.
शून्य फरक.

मग ड्रिल.
पहिला बिट मोडला. दुसरा मोडला.
तिसऱ्याला धूर निघाला, पण एक फळी झाली.
दुसऱ्या फळीत गाठ निघाली
आणि ती उभी उकलली, तीस पैशांच्या बिस्किटासारखी.
रुमल्याला फोन लावला. डोंगरात असावा, लागेना.

ह्यांच्या खणात हायलमचा तुकडा होता.
बोर्डात वायरमन होते, काही टाकत नसत.
तपकिरी, आतल्या कापडाची वीण दिसणारा,
फ्यूजसाठी पाडलेली तीन भोकं तशीच.
उन्हाला भीत नाही, पाण्याला नाही,
तेलाला नाही. दिसायला मात्र
सरकारी कचेरीसारखा.

मधलं भोक पिनेपासून अर्धा मिलिमीटर बाजूला.
अंजनाचा भुसा अरल्डाइटमध्ये कालवला,
भरला, रात्रभर शिकंजात.
मार्क दिले असते तर दहापैकी सहा.
वाकडी पिन ठोकून सरळ केली,
तीच सगळ्यात घट्ट बसली.

पहिल्यांदा कच्ची केळी चिरली, भाजीची.
चीक लागून पातं दहा मिनिटांत निळसर काळं पडलं.
पुसत बसले नाही.
त्या रात्री लाइट गेली, तेव्हा खिशातून काढताना
अंगठ्याला गुळगुळीत लागलं ते अंजन,
बोटांना खरखरीत लागलं ते कापड,
म्हणजे पातं कुठल्या बाजूला ते
दिवा न लावता कळलं.

परवा तोच पोरगा, दुसऱ्या कुणाची औषधं घेऊन,
घर विचारत दारात.
बाई, झाला का तो?
दिला हातात.
उघडला, मिटला, खट्ट.
उलटा करून बघितला.
दोन्हीकडून येगळा काबर?

लाकूड पुरलं नाही, म्हटलं.

मान हलवली त्यानं.
गाडी चालूच होती बाहेर,
तरी उभा राहून
अजून एकदा उघडला.