माणशी वीस

गेटापासून सव्वा कोसावर माझ्या दोन खोल्या.
चुईच्या मातीनं पोतलेल्या, वर कवेलू,
आत मात्र टाइल्सचा संडास, कारण पाहुण्याला
वाघ जंगली चालतो, संडास नाही.

फागुनात ग्रामसभेचा ठराव झाला:
बाहेरचा माणूस गावात झोपला की
माणशी, रात्रीला, वीस रुपये.
हात वर करणाऱ्यांत मीही होते.
तेव्हा खोल्यांना दारं बसायची होती.

ग्रामसेवक उराडेभाऊंनी नमुना आठ उघडला,
माझ्या घरापुढचं 'निवासी' खोडलं,
लाल शाईनं लिहिलं 'वाणिज्य'.
घर तिथंच होतं. चुलीवर लाखोरीची डाळ शिजत होती,
उंबऱ्यावर नेहमीची कोंबडी.
मी म्हटलं, "कोंबडीचं काय लिहिता जी?"
ते हसले नाहीत. वसुलीचा महिना होता.

तेव्हापासून मी रात्री मोजते.
आधी चांदण्या मोजत होते असं काही नाही,
आधी मी झोपत होते.
आता भांडी आवरली की बोट ओलं करून
वही उघडते: नाव, गाव, माणसं, रात्री.
पाच वर्षांखालचं पोर माफ.
नागपूरच्या एका बाईंचा मुलगा हंगामात तीनदा आला,
तिन्ही वेळा पावणेपाचचा.
जिप्सीचा ड्रायव्हर ओसरीवर घोंगडं ओढून पडतो,
तो मुक्कामी की नुसता थांबला?
आणि बोडीजवळ बिबट्या होता त्या रात्री
चौघं अडकली माझ्याकडे, पहाटेपर्यंत बसून.
जागणाऱ्याला लागतो का कर?

पुण्याचे एक जोडपं. साहेब म्हणाले,
"टॅक्स तर ॲपवर कापला, मावशी."
मोबाइल दाखवला. कापला होता खरंच.
कुठं गेला ते लिहिलं नव्हतं.
मी म्हटलं, तो मोठ्या सरकारचा.
हा त्या खांबावरच्या दिव्याचा,
ज्याच्या उजेडात तुम्ही आता चप्पल शोधली.
पन्नासची नोट दिली, राहू द्या म्हणाले.
राहू द्यायच्या दहा रुपयांना माझ्या वहीत रकाना नाही,
पोट्ट्याला किराण्यात धाडलं सुट्ट्यासाठी.

भाऊबीजेला नणंद आली, वनमाला.
पुढची खोली भरलेली, मागच्या खोलीत झोपली.
उराडेभाऊ नेमके त्याच सकाळी वही पाहायला.
"नणंद म्हणजे बाहेरच्याच गावची ना?"
"इथंच जन्मली जी, याच घरात."
"मतदार यादीत नाव नाही."
ते गमतीनं म्हणाले असतील. वनमाला चहा गाळत होती.
ती गेल्यावर चादर झटकली
तर उशीखाली वीसची नोट,
बारीक घडी घातलेली, तिकिटासारखी.
वहीत मी ती रात्र लिहिली नाही.
नोट मिठाच्या डब्यामागं ठेवली,
फोनवर दोनदा भांडले, ती दोनदा हसली.

मग गेट बंद. धानाची रोवणी झाली,
खोल्यांना ओलीचा वास धरला.
एका रात्री उशा उन्हाला द्यायच्या म्हणून काढायला गेले
आणि तिथंच आडवी झाले.
मच्छरदाणी लावली, पंखा तीनवर.
बाटलीतलं पाणी प्याले, पाहुण्यांचं.
भिंतीपलीकडून माझं घर ऐकू आलं:
ह्यांचा खोकला, वासराची घंटी,
कुणीतरी मांजराला माझ्याच आवाजात हाकलत होतं,
माझी लेक.
इतका आवाज करतो आम्ही?
कुणी कधी तक्रार केली नाही.

सकाळी वही उघडली.
नाव: पुष्पकला नन्नावरे. गाव: हेच.
माणसं: एक. रात्री: एक.
मिठाच्या डब्यामागची नोट घेऊन पंचायतीत गेले.
उराडेभाऊंनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
"तुमाले कशाले लागते हा कर?" म्हणाले,
पण घेतले पैसे. हिशेबात रुपया आला की
त्यांना परत देववत नाही.

पावती फाडली. कार्बन उलटा लागला होता.
माझं नाव पावतीच्या पाठीवर उमटलं,
आरशातल्यासारखं.
पंचायतीची प्रत कोरीच राहिली.