खालची कोरी जागा

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये बाबांनी
एकतीस वर्षं स्टॅम्प पेपर मोजले.
सुटताना रोज झडती. चपला काढा, डबा उघडा.
चिटोरंसुद्धा कधी घरी आलं नाही.
माझ्या वह्यांना कव्हरं
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची.

आणि परवा तोच कागद मी विकत आणला,
सीबीएसजवळ, रजिस्टरात सही करून.
'शंभराचा बंद झाला, ताई, पाचशेचा घ्या.
कारण काय लिहू?'
मागे रांग. भाडेकरारवाले, गॅप सर्टिफिकेटवाली पोरं.
मी म्हटलं, समजुतीचा करारनामा.
त्याने लिहिलं. मान वर केली नाही,
त्याबद्दल त्याचे आभार.

आता जेलरोडच्या घरात, ताटं बाजूला सारून
निकुंभ वकीलबाईंचा मसुदा वाचतेय
पेन्सिल घेऊन.
'सदर' हा शब्द एकोणीस वेळा.
सदर विवाह. सदर सदनिका, अंबड.
यतीन अर्जदार क्रमांक एक, मी दोन.
संमतीचं प्रकरण, त्यामुळे वादी-प्रतिवादी नाहीत,
दोघांनी मिळून मागायचं.
सात वर्षांत पडद्याचा रंगसुद्धा
आम्ही मिळून मागितला नव्हता.

कलम चार.
उभयता दिनांक टिंब टिंब टिंब पासून विभक्त राहत आहेत.
वर्ष उलटलेलं हवं, एवढंच कायद्याचं म्हणणं.
पण कुठली तारीख भरू?
तो उशी घेऊन हॉलमध्ये गेला, ती?
की सातपूरहून सुटल्यावर
पपया नर्सरीच्या थांब्यावर
घराकडची बस समोर उभी असून
मी चढले नाही, आणि नंतरच्याही बसमध्ये नाही,
ती?
'बॅग घेऊन निघालात ती,' वकीलबाई म्हणाल्या.
'कोर्टाला बॅग कळते.'

कलम सात, स्त्रीधन.
पाटल्या दोन. चांदीचं तबक.
शिलाई मशीन, चालू स्थितीत.
मिळाले. तक्रार नाही.
मशीन मिळालं, खरंय.
त्याच्या खणातली आईची कात्री नाही मिळाली.
आता एका कात्रीसाठी सगळं परत टाइप करायला लावायचं?
समासात लिहिलं. खोडलं.
पुन्हा लिहिलं, जरा दाबून.

कलम नऊला मात्र अडले.
'अर्जदार क्र. २ यांनी पोटगीचा हक्क
स्वखुशीने सोडला आहे.'
सोडला, ठीक. पगार आहे मला.
पण खुशी कुठली, ते विचारायला फोन केला.
'तसंच लिहितात हो.'
'मॅडम, नुसतं "सोडला" नाही चालणार?'
पलीकडे पंखा, कुणाची तरी तारीख पुकारल्याचा आवाज.
'चालेल,' त्या म्हणाल्या. 'खरं तर, चालेल.'

गुरुवारी टाइप होऊन आला.
बाबांनी पहिलं पान उचललं
आणि चष्मा न लावताच खिडकीशी धरलं,
उजेडात जलचिन्ह तपासलं, कडेवरून अंगठा फिरवला.
'आपल्याकडचाच,' म्हणाले.
वरचं तेवढं आम्ही बघायचं,
खाली लोक काय लिहितात
ते विचारायची पद्धत नव्हती.

मग एकेक पान उलटत शेवटच्या पानाशी आले.
सह्यांच्या वर चार बोटं जागा उरली होती.
'कोरी ठेवू नये. मागाहून कुणी काहीही घुसवतं.'
माझंच पेन घेऊन तिरकी रेघ मारली.
हात कापतो हल्ली,
रेघ मध्येच जरा वर उडाली.
'परत प्रिंट काढू का?'
'कशाला.'

सह्या बुधवारी. त्यानंतर
विचार करायला सहा महिने, सक्तीचे,
माफ झाले तर माफ.
मी पानं जुळवून पिन मारत होते.
बाबा पुन्हा खुर्चीत बसले होते, पेपर उघडून.
त्यांनी खालचं वाचलं नाही असंच मी धरून चालले होते.

'कात्री कधी देणारे तो?'
पेपराआडून त्यांनी विचारलं.