गणपूर्ती

हिलाल सरांनी पुस्तक मिटलं, म्हणाले,
"पाचवा धडा आज पारावर आहे."
आम्ही तेवीस जण निघालो,
अनेरच्या काठाकाठानं, रांग मोडत, रांग जोडत.

पारावर एक टेबल, एक रजिस्टर, ग्रामसेवक,
सरपंच सुशीलाबाई पदरानं वारा घेत,
आणि लिंबाखाली माणसं.
"मोज," सर हर्षालीला म्हणाले.
तिनं बोट फिरवलं. त्रेसष्ट.
दोघं तंबाखू मळायला उठले, एकसष्ट.
परत आले, त्रेसष्ट.

शंभर तरी हवेत.
ग्रामसेवकानं घड्याळ पाहिलं. सभा तहकूब.
रजिस्टर मिटताना हसला,
"आता मोजायची भानगडच नाही.
तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही,
दहा आले तरी चालतं."

हर्षालीच्या दप्तरात अर्ज होता,
चौकटीच्या वहीचं पान फाडून लिहिलेला:
शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडी नाही.
एकीनं आत जायचं, दुसरीनं दार धरायचं,
तिसरीनं पोरांवर लक्ष ठेवायचं.
"चालतील ते दहा," ती म्हणाली,
"सगळे बाप्येच असतील."

मग शाळा सुटली की ती कपाशीत शिरायची,
वेचणाऱ्या बायांना तारीख सांगायची, वार सांगायची.
"आमनं काय काम तठे?"
"मोजाले," ती म्हणायची.
एवढंच. "मोजाले."

दुसऱ्या सभेत ग्रामसेवक वाचत होता
मागच्या सभेचं इतिवृत्त,
आणि हर्षाली, कुणी सांगितलं नसताना,
सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
नव्व्याण्णव.
तिथंच बोट थांबलं, बराच वेळ.
तेवढ्यात भिकुबाई आली, अर्धी हजेरी बुडवून,
केसांत कापसाचे पुंजके तसेच.
"माले बी मोज वं पोरी."

ठराव क्रमांक सात. हात वर.
बोंडांनी ओरखडलेले कितीतरी हात.
सुशीलाबाईंनी सही केली, ठळक, पूर्ण नावाची.

कडी यायला तरी दोन महिने लागले.
दर सोमवारी हर्षाली पंचायतीच्या दारात उभी,
"आली का?"
हे धड्यात नाही.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला,
ग्रामसभेची गणपूर्ती किती?
तिनं लिहिलं, "नव्व्याण्णव आणि भिकुबाई."
सरांनी अर्धा गुण कापला,
आणि ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं.
दोनदा.