आढळले नाही

कुपीत उरलंय चार मायक्रोलिटर.
डोळ्यात घालायच्या थेंबाचा
दहावा हिस्सा.
लेबलवर सशाचं नाव नाही, नुसतं 'ससा',
आणि लॉट नंबर, जो मला
बहिणीच्या फोन नंबरापेक्षा नीट पाठ आहे.

तो ससा आता नाही.
कुठल्याशा थंड देशात त्याच्या कानाच्या शिरेतून
काढून घेतली होती ही ओळख,
एका प्रथिनाची,
जे मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात बसतं
आणि श्वासातल्या प्राणवायूला
हाताला धरून
पाण्यापर्यंत नेऊन सोडतं.
सशाला काय माहीत.
त्याला टोचलं, त्यानं लक्षात ठेवलं.

नवा लॉट मागवला होता मार्चमध्ये.
सहारच्या कार्गोत नऊ दिवस अडकला.
एजाज मुकादम खिडकीपाशी जाऊन
शुद्ध मराठीत समजावत राहिला:
साहेब, प्रतिपिंड आहे, खराब होईल.
साहेब म्हणाले, पिंडाचं काम नाशकाला.
खोका उघडला तेव्हा कोरडा बर्फ
कधीचाच हवा होऊन गेलेला,
आणि नवा लॉट आता
सगळ्यांनाच ओळखतो,
लग्नातल्या लांबच्या काकांसारखा,
दिसेल त्या पट्टीला थांबवून
'तू अमक्याची ना?'

म्हणून आज जुनाच काढला.

परळच्या ह्या चौथ्या मजल्यावर
चहाला आणि मेम्ब्रेनला
एकाच डब्यातली दूध पावडर लागते.
पाच टक्के दूध, तासभर डुलवत ठेवायचं,
रिकाम्या जागा आधी भरून घ्यायच्या.
नाहीतर प्रतिपिंड
रिकामपणालाच चिकटून बसतं.
ह्यावर एजाज काहीतरी बोलला,
मी पिपेटकडे बघत होते.

तीन रांगा.
पहिली, निरोगी माणसाची.
दुसरी, रायन डाबरे, वय नऊ, मुक्काम वसई.
पापण्या उचलत नाहीत त्याच्या,
म्हणून मान मागे टाकून बघतो सगळ्यांकडे,
मोठ्ठा साहेब असल्यागत.
तिसरी, त्याची आई, फिलोमिना.
मांडीतला वाटाण्याएवढा स्नायू देऊन
बाहेर बाकावर बसली होती,
मला सुकेळ्यांची पुडी दिली
आणि विचारलं,
'बाय, माझ्याकडूनच गेलंय का ते?'

रिपोर्ट डॉक्टर देतील, म्हटलं मी.
हे कण आईच देते.
बाप ह्या हिशेबात धरत नाहीत.
हे मला येत होतं,
परीक्षेत लिहिलं होतं, चार मार्कांना.

रात्री नऊला अंधाऱ्या खोलीत
पहिल्या रांगेत उमटली पट्टी,
काजळाचं बोट ओढल्यासारखी.
तिसऱ्या रांगेत फिकट,
कुणी पदराने पुसावी तशी.
दुसऱ्या रांगेत

थांबले.
दोन मिनिटं दिली, मग दहा.
विसाव्या मिनिटाला आजूबाजूची जागाच काळवंडू लागली,
तिची जागा तेवढी
तशीच, गोरी.

खाली दुसरं प्रथिन तीनही रांगांत सारखं.
म्हणजे नमुना मी बरोबर भरला होता,
हात थरथरला नव्हता.
असं काहीतरी असतं तर बरं झालं असतं.

रिपोर्टात लिहायचं असतं 'आढळले नाही'.
नुसतं 'नाही' लिहायचं नसतं.
ह्या दोन शब्दांमधल्या जागेत
एक मेलेला ससा बसलाय, कान टवकारून.
तो म्हणतो, मी हाक मारली होती.
एवढंच म्हणतो.

वापरलेलं प्रतिपिंड फेकत नाहीत आमच्याकडे.
पुन्हा नळीत ओतलं,
झाकण लावलं, तारीख घातली.
अजून तीनदा चालतं म्हणतात,
मग ओळख पुसट होत जाते.

सुकेळी ड्रॉवरमध्येच आहेत.
एजाजला म्हटलं, तू खा.
तो म्हणाला, तुला दिलीत.