शिल्लक

सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेसाठी दोन पानं हवीत,
मथळा ठरलेला : "उगम".
कमिटीला हवाय एखादा दृष्टान्त, एखादी रात्रभरची प्रार्थना,
जमल्यास पाळकसाहेबांचा फोटो.
माझ्याकडे आहे एक डालड्याचा डबा
आणि तबीथाबाई समुद्रे, बोर्डिंगच्या स्वयंपाकीण,
ज्यांचा फोटो कुणी काढलाच नाही.

उपवासकाळातला तिसरा शुक्रवार.
रेडिओवर दूरच्या कुठल्याशा देशातला दुष्काळ,
बाईंच्या जिभेवर नाव बसेना.
वर्गाच्या भिंतीवर पौलाच्या प्रवासांचा नकाशा,
त्यावर त्यांनी उलथनं फिरवलं.
"ह्यात न्हाई व्हय त्यो मुलूख?"
नव्हता.
पौल तिथवर पोचलाच नव्हता.

उपासना सुटली. आम्ही सगळे उपाशी,
म्हणून जरा ताठ.
बाई देवळाच्या दारात, कोपरापर्यंत राख :
"उपास केलासा, ब्येस झालं.
मग न खाल्लेला भात कुठाय?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
भात कुठेच नव्हता.
दुपारचा राहिलेला रात्री दुपटीनं जिरायचा,
आणि रविवारच्या तांबड्या रश्श्यात
सगळं माफ.

शनिवारी डबा आला. माणशी एक मूठ, चुलीवर चढायच्या आधी.
आजऱ्याचा घनसाळ, रेशनचा जाडा, कणी,
सगळं एकात.
शाहूपुरीत गूळ तोलणारे बेळंके तराजू देऊन गेले.
आपल्या मंडळीतले नव्हेत ते.
"भाडं नको," म्हणाले, "पोचलं की सांगा तेवढं."
तांदूळ विकून मनिऑर्डर गेली.
पोच यायला सात महिने लागले.
तोवर रोज संध्याकाळी ते फाटकाशी सायकल थांबवून
नुसती मान उडवायचे : आलं का?

आता अकरा देशांत पेट्या जातात,
पुठ्ठ्याच्या, वर छापील वचन.

हिशेबवहीतली पहिली नोंद मात्र माझ्या अक्षरात आहे.
सातवीत होतो, अक्षर बरं होतं.
मुलं बेचाळीस. मुठी एकेचाळीस.
बेचाळिसावी माझ्या खिशात होती.
रात्री पांघरुणात कच्चीच चावली,
एकेक दाणा थुंकीत भिजवून,
आवाज होऊ नये म्हणून.

बाईंना वाचता येत नव्हतं.
आकडे येत होते.
पुढच्या शुक्रवारी रांगेत माझी पाळी आली,
त्यांनी माझ्या ओंजळीत तांदूळ ओतले,
डब्यात टाकू दिले,
आणि परत ओतले.

हे छापायचं की नाही,
कमिटीनं ठरवावं.