पाणी सारखं होईपर्यंत

आधी कापणार नाही, म्हणाली डॉक्टर सित्स्मा,
आधी औषध. चार फेऱ्या, एकवीस-एकवीस दिवसांच्या.
ही गाठ दुर्मीळ जातीची, बारीक पेशींची,
दिसते तिथेच असते असं नाही.
विब्रेन नुसता मान हलवत राहिला,
एकतीस वर्षं लेम्मरच्या कालव्यावर जलद्वारं सांभाळलेला माणूस.
दोन्हीकडचं पाणी सारखं झाल्याशिवाय
दार उघडू नये, हे त्याला कोणी शिकवायला नको.

शिकवायला हवं होतं ते दुसरंच.
तांबडी लघवी मी पाहिली ऑगस्टमध्ये. म्हणाला, बीट.
सप्टेंबरातही बीट.
घरात बीट शिजलंच नव्हतं,
हे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले.
ते लिहायला कुठल्याच फॉर्मात जागा नाही.

लेवार्डनला तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी खुर्ची.
नर्स पिशवी टांगते, नाव आणि जन्मतारीख विचारते,
जणू तासाभरात तो दुसराच कोणी झाला असेल.
ह्यात प्लॅटिनम आहे, ती म्हणते.
मला हसू फुटलं.
लग्नात ह्याने घातलेली अंगठी
बोटीच्या इंजिनातल्या पितळी वायसरची,
घासून गुळगुळीत केलेली; बोट हिरवं करायची.
छत्तीस वर्षांनी घरात प्लॅटिनम आलं
ते ह्याच्या शिरेत, थेंबाथेंबाने,
आणि विमा कंपनीच्या खर्चाने.

घरी तो मोजतो.
प्लास्टिकच्या भांड्यात, रेघेशी डोळा नेऊन:
पहाटे चार, तीनशे वीस. सव्वासहा, दोनशे ऐंशी.
कामावरच्याच जुन्या वहीत,
जिथे पूर्वी बोटींची नावं असत.
सुपाला लोखंडाची चव. केस उशीवर.
आणि कानात एक बारीक शिट्टी,
जी बंद करायला तो मध्यरात्री उठून
किटलीपर्यंत जाऊन आला.

दुसऱ्या फेरीनंतर गाठ आकसली.
सित्स्माने दोन बोटं जवळ आणून दाखवली,
चिकटवली नाहीत.
शस्त्रक्रिया नऊ मेला. मूत्राशय पूर्ण निघेल,
पोटावर एक तोंड, त्यावर पिशवी.
म्हणजे दार नाही, तो म्हणाला.
येईल तसं वाहणार.
परतताना गाडी मी चालवली.
सबंध रस्ताभर त्याचा हात
दाराच्या मुठीवर होता.

आज बांधावर चढलो, दोनदा थांबून.
चौथी फेरी अजून बाकी.
खाली पसरलेली जमीन सगळी समुद्राची,
पणजोबांच्या पिढीने उपसून काढलेली.
टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात;
इथे ती मार्च लागला की खरोखरच उतरते,
त्या कोरड्या केलेल्या तळावर अंडी घालायला.
उतरली. ओरडली माझ्या डोक्यावरून, दोनदा.
विब्रेन पाण्याकडे बघत होता.
वरचे सूर औषधाने नेले त्याचे, ते परत येत नाहीत.
आली का, त्याने विचारलं,
माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी ओळखून.
आली.
त्याने खिशातून वही काढली. बोटं नीट वळेनात.
तारीख घातली, आणि दोनशे साठच्या खाली लिहिलं:
टिटवी. येल्त्येने ऐकली.